सतरा नंबरचं पातेलं

मुनीर, तुझं मशीन अजून पायरीवरच असतं. सकाळी शटर उघडलं की मी ते आतून आणून तुझ्या जागेवर ठेवतो, वायर लावतो आणि संध्याकाळी उचलून परत आत नेतो. परवा एक बाई आली, पोरीच्या रुखवतासाठी पाच पातेली घेतली आणि सवयीनं पायरीकडं वळून म्हणाली, "यावर नाव घालून द्या." पायरीवर कोणी नाही हे तिलाही दिसलं, मलाही. आम्ही दोघं त्या मशीनकडं असं बघत राहिलो, जणू तू चहाला गेलायस आणि आता येशील. शेवटी ती म्हणाली, "बरं, मागून येते." मी म्हणालो, "या की." कशासाठी या म्हणालो, कुणास ठाऊक.

तीस वर्षं हेच चाललं होतं. गिऱ्हाईक आत माझ्याकडून भांडं घ्यायचं आणि बाहेर तुझ्याकडून त्यावर नाव घालून घ्यायचं. आपल्या युसूफ वडगाव गावातली निम्मी स्वयंपाकघरं माझ्या दुकानातून भरली असतील, पण त्यांवरचं अक्षर तुझं. दुपारी ऊन दारातल्या पितळी घागरींवर पडायचं आणि त्याचे पिवळे तुकडे छतावर डोलायला लागायचे. खाली तुझं गुर्रर्र, गुर्रर्र. त्या आवाजात मला जी झोप लागायची तशी घरच्या गादीवर कधी लागली नाही. तू ओरडायचास, "वैजू बे, तू दुकानात झोपतो, का झोपेत दुकान चालवतो?" दोन्ही खरं होतं.

तू आधी सगळी अक्षरं काढायचास आणि मग त्यांच्या डोक्यावरची रेघ एका दमात ओढायचास, तीही उजवीकडून डावीकडं. तुझ्या अब्बांनी लहानपणी आधी उर्दू गिरवून घेतलं होतं, त्यामुळं हात तिकडूनच निघायचा. डावीकडं पोचता पोचता ती रेघ बारीक होत जायची, उंदराच्या शेपटीसारखी. ही शेपटी मी तीस वर्षं बघितली आणि तरी मला दिसली नाही. पुढं त्याबद्दल सांगणारच आहे. सांगण्यासाठीच तर हे लिहायला बसलोय.

दुकानाच्या माळ्यावर ठेवलेल्या, सगळ्या गल्लीच्या सामाईक भांड्यांपासून सुरुवात करतो. कुणी आईच्या नावानं परात दिली, कुणी पोराच्या नोकरीची खुशी म्हणून कढई दिली, असं करत करत माळा भरला. लग्न असो, शिवरात्रीचा महाप्रसाद असो, रोजा सोडायचा कार्यक्रम असो, भांडी तीच. फक्त साधी वेगळी आणि गोश्ताची वेगळी. साध्यात पहिला मान तुझ्या अम्मीच्या पितळी पातेल्याचा. जुलेखाबीनं त्यात कधी गोश्त शिजू दिलं नाही. आमच्या घरी चालत नाही, म्हणून ईदचा शीरखुर्मा आमच्यासाठी त्यात वेगळा व्हायचा. पातेलं गल्लीला देताना म्हातारीनं मला समोर उभं करून सगळ्यांना बजावलं होतं, "इसमें गोश नको पकाव. वैजू के घर का हाय ये." पातेलं तिचं, पितळ तिचं, कल्हईही तिच्याच खर्चानं, आणि म्हणे वैजूच्या घरचं!

कोण काय घेऊन गेलं याची मी एक वही ठेवली होती. मला तिचा फार अभिमान होता. एका रविवारी तुझी पोरगी नाजू अंबाजोगाईहून आली होती. ती तिथं पोरांना कॉम्प्युटर शिकवते. वही चाळता चाळता तिला हसू आवरेना. "काका, ह्या बब्रूकाकांचा मोबाईल नंबर अकरा ठिकाणी लिहिलाय. त्यातले नऊ एक हायत अन् दोन वेगळेच."

"त्यानं नंबर बदलला ना मधी," मी म्हणालो. "नऊ ठिकाणी मी दुरुस्त केला. मग जेवायची वेळ झाली."

ती म्हणाली, "शिकवते तुमा दोघांला. दर रविवारी दुपारी बसायचं." आणि पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, एक गल्ल्यावर आणि एक पायरीवर, डेटाबेस शिकायला लागली. नाजूनं तिचा जुना लॅपटॉप तुपाच्या किटल्यांच्या फळीवर मांडला.

तिचा पहिला धडा मला पाठ आहे, कारण त्यात मी झोपलो नव्हतो. ती म्हणाली, भांडं ही एक चीज, माणूस ही दुसरी. ज्याचं त्याचं टेबल वेगळं. भांड्याच्या टेबलात फक्त भांड्याचं लिहायचं, माणसाच्या टेबलात माणसाचं. आणि भांडं माणसाकडं जातं, परत येतं, त्या जाण्यायेण्याचं तिसरं टेबल. त्यात नाव-गाव काही नाही. कोणत्या नंबरचं भांडं, कोणत्या नंबरचा माणूस, नेल्याची तारीख, परतीची तारीख. बस.

"मंग माणसाचा मोबाईल?" मी विचारलं.

"तो माणसाच्या ओळीत, एकदाच. बदलला तर एकाच जागी बदलायचा. बाकी सगळे तिथं बघून घेतात."

तुझं मशीन थांबलं. तू असा ऐकत होतास जणू कुणी तुझ्याच घरचं काही सांगतंय. "बरोबर हाय," तू म्हणालास. "माझ्याकडं लोकं येत्यात की. म्हातारा गेला, आता नावामागं 'कै.' घाला. पुढं जागा न्हाई, मागं जागा न्हाई. अन् घरात त्याच्या नावाची भांडी चाळीस. चाळीस जागी 'कै.' घालत बसू का? पितळावर लिहिलेलं पुसत न्हाई बे. तवा पितळावर फकस्त नंबर पायजे. नाव एकाच जागी ठेवावं, जिथं हात पोचतो."

मी उडालोच. "मुनीर, तू नाव घालणारा माणूस. नाव नको, नंबर घाला म्हणतोस? उपाशी मरशील."

"नाव बदलतंय. सासरी गेली की पोरीचं बदलतंय, मेल्यावर म्हाताऱ्याचं बदलतंय. नंबर दिला की दिला."

हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. मी घरातला गोष्टी सांगणारा माणूस. बारशाला, तेराव्याला, लग्नाच्या मांडवात पोरं-सुना माझ्याभोवती बसतात, आणि मी एकेका परातीच्या नावावरून तासभर बोलू शकतो. नंबरावरून काय बोलणार? तू म्हणायचास, "बोलायला तू हायस की. परातीनं कावून बोलायचं?" आणि तू दोन महिने रोज दुपारी एकेक भांडं मांडीवर घेऊन त्याच्या कडेवर नंबर घातलेस. एकपासून एकशे बत्तीसपर्यंत. तुझ्या अम्मीच्या पातेल्याला सतरा आला. ते तू जरा जास्त वेळ मांडीवर ठेवलंस.

त्या दिवसांत मला एक स्वप्न पडायचं. गल्ल्यावरच, दुपारी. माळ्यावरून सगळी भांडी जिना उतरून खाली यायची, आवाज न करता, ओळीनं. प्रत्येकाच्या कानातून एकेक बारीक पिवळा दोरा निघालेला. ती बाजारातून चालत जायची आणि दोरे घराघरांत शिरायचे, न्हाणीघरात, चुलीपाशी, गोठ्यात. सगळं वडगाव त्या दोऱ्यांनी विणल्यासारखं दिसायचं, आणि कुठलाही दोरा ओढला तरी माळ्यावर काहीतरी किणकिणायचं. नाजूला सांगितलं तर ती म्हणाली, "काका, तुमाला जॉइन समजला. एका टेबलातला नंबर धरून दुसऱ्यात जाता येतंय, हेच तर हाय ते." मी झोपेत शिकलो. जागेपणी मात्र तीन आठवडे भांड्याच्या टेबलात माणसं घालत होतो. माझ्या बायकोला, मंगलला, मी 'झाकणासह मोठी कढई' या प्रकारात टाकलं, आणि ते तू तिला जाऊन सांगितलंस. दोन दिवस मला चहा मिळाला नाही.

आणि बब्रूचं आठवतं? माझा चुलतभाऊ. बांधावरून भांडण झालं तेव्हा मी तणतणत आलो आणि म्हणालो, पहिल्यांदा याला यादीतून काढतो. त्याची ओळ निवडली, बटण दाबलं. लॅपटॉपनं नकार दिला. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार. तू पोट धरून हसत होतास. "बघ बे, त्याच्याकडं आपली परात हाय. ती हाय तवर तुला त्याला काढता येत न्हाई." संध्याकाळी मी परात आणायला बब्रूकडं गेलो. त्यानं चहा केला, आणि मी परात विसरून घरी आलो.

पण मुनीर, आपला खरा वाद रिकाम्या रकान्यावरून होता. परतीची तारीख रिकामी असली की मी म्हणायचो, "आलं न्हाई. म्हंजे घेतलं त्यानं." तू मान हलवायचास. "रिकामं म्हंजे आलं न्हाई असं न्हाई. रिकामं म्हंजे अजून कुणी सांगितलं न्हाई."

"एकच झालं."

"एक कसं? सांगितलं न्हाई म्हणल्यावर सांगायला जागा राह्यली की."

गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याच्या नातवाचं बारसं नांदूरघाटला होतं. आहेराच्या भांड्यांवर बाळाचं नाव आणि तारीख तूच घातलीस. मेव्हण्याचा फोन आला, साधं मोठं पातेलं पाहिजे. तू त्या दुपारी केजला गेलतास. मी माळ्यावर गेलो, सतरा नंबर काढलं, पोत्यात गुंडाळून मोटारसायकलला बांधलं. नोंद केली नाही. नोंदीशिवाय भांडं गावाबाहेर नेऊ नये हा नियम माझा, फळीवर खडूनं लिहिलेला, माझ्याच अक्षरात. सासुरवाडीचं काम, दोन दिवसांत येईल, कशाला नोंद?

पंधरा दिवसांनी आणायला गेलो तर मेव्हणी म्हणाली, "दाजी, ते तुमचं होतं? म्या तर जुनी पितळ सगळी मोडीत दिली." तिनं दाखवलं, त्या बदल्यात धान्याच्या दोन स्टीलच्या कोठ्या आल्या होत्या. नव्या, चकचकीत. त्यांत माझं तोंड दिसत होतं, लांबट आणि मूर्ख.

मी तुला सांगायला पाहिजे होतं. नांदूरघाटहून येताना सगळ्या रस्त्यात मी सांगण्याची वाक्यं जुळवत होतो. गोष्टी सांगणारा माणूस ना मी! वडगावच्या वेशीपर्यंत चार तऱ्हेनं सांगून झालं, प्रत्येक तऱ्हेत मेव्हणीचा दोष जरा वाढत गेला. दुकानात आलो तर तू मान वर करून म्हणालास, "आलास? चहा सांगू?" आणि सगळी वाक्यं पळाली. तुझी अम्मी जाऊन तेव्हा दीड वर्षच झालं होतं.

मग मी जे केलं ते आठवलं की आजही कान तापतात. आपल्याच दुकानातलं तसंच एक पितळी पातेलं काढलं. मिठाचं पाणी आणि काजळी लावून जुनं केलं, कडेला दोन पोचे पाडले. बीडला एका नाव घालणाऱ्याकडं नेलं आणि त्यावर 'जुलेखाबी' आणि '१७' घालून आणलं. येताना मला इतकं हुशार वाटत होतं की वाटेत थांबून उसाचा रस प्यालो.

तू ते हातात घेतलंस. नावावरून अंगठा फिरवलास, एकदा. म्हणालास, "पोचे पडले बे." मी म्हणालो, "सासुरवाडीची लोकं. भांडं जपत न्हाईत." तू लॅपटॉप उघडून काहीतरी टाईप केलंस. लॅपटॉपवर बसायचं काम तुझं आणि भांडी बघून नंबर ओरडायचं काम माझं, त्यामुळं तू काय लिहिलंस ते मी बघितलं नाही. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतर वर्षभर आपण रोज सोबत चहा प्यालो.

तुझी मय्यत उठली त्या दिवशी आंघोळीचं पाणी तापवायला कुणीतरी माळ्यावरून पातेलं आणलं. तेच. मी तुमच्या अंगणात उभा होतो. वाफेतून ती अक्षरं माझ्याकडं बघत होती, दुसऱ्याच्या हाताची. आमच्यातही जाळत नाहीत, आम्हीही माती देतो, तुम्हीही माती देता. तू म्हणायचास, "वैजू, टेबलं वेगळी असली तरी आपला शेवटचा रकाना एकच." माती देताना मला हसू आलं, मुनीर. लोकांना वाटलं, रडतोय. तेही चाललं होतंच.

दहाव्या दिवशी रविवार होता. नाजू दुकानात आली. म्हणाली, "काका, त्या दिवसांत भांडी बिननोंदीची गेली. अब्बांनी कधी तसं जाऊ दिलं न्हाई. तुमी नंबर सांगा, मी टाकते." तू बसायचास तिथं ती बसली. मी ओरडायला लागलो. चार. नऊ. बावीस. सतरा.

ती थांबली. "सतरा तर बाहेरच हाय, काका. हे घेतच न्हाई."

"बाहेर कसं? हे काय, माझ्या हातात हाय."

"बाहेर हाय. तुमच्या नावावर." तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. मी चष्मा शोधायला लागलो, तो डोळ्यांवरच होता. भांडं सतरा. नेणारा, माझा नंबर. नेल्याची तारीख, बारशाची. आहेरावर तूच घातली होतीस ना ती! आणि परतीचा रकाना रिकामा.

मग तिनं भांड्यांचं टेबल उघडलं, खाली सरकवलं. एकशे बत्तीसवर संपायला पाहिजे होतं. खाली अजून एक ओळ होती. एकशे तेहेतीस. पितळी पातेलं, साधं. देणारा: वैजनाथ.

वर्षभर मी 'सतरा' ओरडत होतो आणि तू निमूट एकशे तेहेतीस टाईप करत होतास. माझी लबाडी तू माझी भेट म्हणून लिहून घेतलीस. आणि पातेल्यावरचा सतरा तसाच राहू दिलास, गल्लीत कुणाला कळू नये म्हणून. दोन वेगळ्या भांड्यांना एक नंबर तू कधीच चालवून घेतला नसतास. माझ्यासाठी चालवलास.

मी खाली पायरीवर बसलो आणि नाजूला सगळं सांगितलं. मेव्हणी, कोठ्या, बीड, उसाचा रससुद्धा. ती पातेल्यावरच्या नावाच्या रेघेकडं बघत होती, जाडसर, डावीकडून उजवीकडं ओढलेली. तिला लगेच दिसलं. बापाची पोर ती.

"मी विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "म्हणलं, अब्बा, दादीचं पातेलं बाहेर अन् काकांच्या नावावर नवं, हे कावून? नुसते हसले. म्हणले, राहू दे रिकामं. वैजू सांगील."

एवढंच. वैजू सांगील.

मी तुझ्यावर चिडलो, मुनीर. खरंच चिडलो. वर्षभर समोर बसून चहा ढोसला, एकदा तरी शिवी द्यायची होतीस! मी दुकानात उभा राहून त्या रिकाम्या पायरीला म्हणालो, "सांगायचं राहिलंच तर? हे तुला सुचलं न्हाई का बे?" नाजू उठून आत गेली आणि उगीचच डबे पुसायला लागली.

काल तुझा चाळिसावा होता. गल्ली जेवायला बसायच्या आधी मी तुझं मशीन तुमच्या अंगणात नेलं, बोर्डाला वायर लावली आणि पातेलं मांडीवर घेतलं. सगळ्यांसमोर सांगितलं. गोष्टीसारखं सांगायला बसलो होतो, पण चार वाक्यांत संपलं. मग बब्रू म्हणाला, "माझ्या मोबाईलसाठी अकरा जागी आरडाओरडा करतो, अन् स्वतः एका जागी खरं लिहिना." लोक हसले. तुझी बहीण डोळे पुसत म्हणाली, "भाई को मालूम था क्या?" मी मान हलवली. "तो फिर ठीक हाय," ती म्हणाली.

मशीन चालू केलं. किती थरथरतं रे ते! तीस वर्षं तू ते इतकं सरळ कसं धरलंस? पितळावरचं पुसता येत नाही, म्हणून सतरावर आडवी रेघ मारली, उजवीकडून डावीकडं. शेपटी जमली नाही, रेघ घसरून थेट काठापर्यंत गेली. खाली एकशे तेहेतीस घातलं. तीनचे दोन्ही आकडे वेगवेगळ्या दिशांना बघतायत. जुलेखाबीचं नाव मात्र नाजूनं राहू द्यायला सांगितलं. मग त्यात भात शिजला. साधा.

आता सतराच्या ओळीचं काय करायचं ते सांग. नाजू म्हणते, तो रकाना फक्त तारीख घेतो. येणारच नाही त्याची तारीख कोणती? मी म्हणालो, राहू दे रिकामा. पण तुझ्या म्हणण्याप्रमाणं तोही आता रिकामा राहू शकत नाही, कारण सांगून झालंय. म्हणजे तू बरोबर होतास आणि तरी अडचण उरलीच. यावर तुझ्याकडं काहीतरी उत्तर असणार, मला चिडवणारं. रविवारी दुपारी आपण भांडलो असतो.

तोपर्यंत नाजूनं शेजारी एक नवा रकाना केलाय, शेऱ्याचा. बाकी सगळ्या ओळींत तो रिकामा आहे. फक्त सतराच्या ओळीत, एका बोटानं अक्षर शोधत शोधत, मी स्वतः लिहिलंय: वैजूनं सांगितलं.